फॉर्च्युनियनपासून सुरुवात करतोयस? मग एवढं बघ

अरे वा, जीवाश्म शिकायला थेट फॉर्च्युनियनला, म्हणजे कँब्रियन या प्राचीन भूवैज्ञानिक कालखंडाच्या पहिल्याच एजला (टप्प्याला) हात घातलास, मस्त! पण इथे ट्रायलोबाइट (समुद्रातले कवचधारी, आता नामशेष झालेले प्राणी) शोधत बसू नकोस, ते येतात साधारण 52.1 कोटी वर्षांपूर्वी आणि फॉर्च्युनियन सुरू होतं 53.88 कोटींना, नवखे सगळे इथेच फसतात.

याची सुरुवात ठरते ट्रेप्टिक्नस पेडम नावाच्या बिळाच्या ठशावरून, म्हणजे प्राणी मिळतच नाही, फक्त चिखलात वर-खाली करत गेलेली त्याची वाट, दांडीला फांद्या फुटल्यासारखी. आधी फोटो बघून डोळा बसव.

फॉर्च्युनियनच्या सुरुवातीची ही हद्द 1992 मध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या फॉर्च्युन हेडला ठरली, नंतर तीच बिळं तिथे हद्दीच्या थोडी खालच्या थरांतही सापडली, मग हद्द बरोबर आहे का, तो वाद सध्या बाजूला ठेव. तिकडे गेलासच तर हातोडी नको, जागा संरक्षित आहे.