वाचकांचे प्रश्न : संदेश कधी दोनदा, कधी गायब

प्रश्न : दरीतल्या पाणीपातळीच्या यंत्राला उपग्रहामार्फत संदेश पाठवणारा इरिडियम ९६०३ मोडेम जोडला आहे. दर तासाला एक संदेश जायला हवा. टेबलावर सगळं सुरळीत चाललं. जागेवर मात्र बरेच संदेश येत नाहीत आणि काही दोनदा येतात. मोडेम खराब आहे का?

उत्तर : मोडेमवर संशय घेण्याआधी वीजपुरवठा पाहा. संदेश पाठवताना तो ५ व्होल्टवर सुमारे १.३ अँपिअरपर्यंत करंट ओढतो, पण तो आठ-नऊ मिलिसेकंदांच्या झटक्यांत. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणून त्यावर सारं ठीकच दिसतं. क्षणाक्षणाचं व्होल्टेज दाखवणारा ऑसिलोस्कोप मोडेमच्या पिनांवरच लावा. झटक्यासरशी व्होल्टेज खाली बसत असेल तर वायर जाड आणि आखूड करा, मोडेमलगत सुपरकपॅसिटर (झटक्यापुरती वीज साठवणारा भाग) बसवा.

दुसरं कारण आकाश. इरिडियमचे उपग्रह सुमारे ७८० किलोमीटरवरून वेगाने सरकतात. दरीत आकाशाची अरुंद पट्टीच उघडी असते, त्यामुळे बोलणं अर्ध्यात असतानाच उपग्रह कड्याआड जातो. अँटेना सपाट, तोंड वर आणि होईल तितकी उघड्यावर हवी. तेवढ्यासाठी बारीक केबल लांबवू नका. या फ्रीक्वेन्सीला ती मीटरमागे डेसिबलभर सिग्नल सहज खाते. मोडेमच अँटेनेजवळ न्या.

आता दोनदा येणाऱ्या संदेशांचं. संदेश पाठवायला लावणाऱ्या ‘एसबीडीआयएक्स’ कमांडच्या उत्तरातला पहिला आकडा नोंदवत जा. ० ते ४ म्हणजे संदेश गेला, ३२ म्हणजे नेटवर्क नाही, १८ म्हणजे मध्येच संपर्क तुटला. हा १८ फसवा आहे : कधी संदेश पोचलेला असतो, फक्त पोच परत आलेली नसते. यंत्र पुन्हा पाठवतं आणि तुम्हाला दोन प्रती मिळतात. म्हणून प्रत्येक संदेशात स्वतःचा अनुक्रमांक घाला आणि दुसरी प्रत सर्व्हरवर गाळा. शिवाय, संदेश गेल्यावरही मोडेमचा बफर (पाठवायचा मजकूर ठेवण्याची जागा) आपोआप रिकामा होत नाही. तो रिकामा करणारी ‘एसबीडीडी०’ कमांड दिली नाही आणि नवा मजकूर भरण्यात चूक झाली, तर जुनाच संदेश पुन्हा जातो, त्याचे पैसेही लागतात. पुन्हा प्रयत्न करताना दर खेपेला थांबण्याचा वेळ बदलता ठेवा, आणि वीज तोडण्याआधी मोडेमला त्यासाठी तयार करणारी ‘एटी*एफ’ कमांड द्यायला विसरू नका.

प्रश्न : एका संदेशात किती माहिती मावते?

उत्तर : ९६०३ वरून ३४० बाइट पाठवता येतात, त्याच्याकडे येणाऱ्या संदेशाची मर्यादा २७०. अक्षरांत लिहिलेली एक नोंद सहज ४०-५० बाइट खाते. त्याऐवजी पातळी मिलिमीटरमध्ये २ बाइट, तापमान दहापट करून चिन्हासह २ बाइट आणि बॅटरीचं व्होल्टेज दहापट करून १ बाइट, अशी ५ बाइटची नोंद करा. सुरुवातीची वेळ ४ बाइट, अनुक्रमांक २ बाइट. २४ तासांच्या नोंदी १२६ बाइटमध्ये बसतात. ‘एसबीडीडब्ल्यूबी’ कमांडने अशी बायनरी नोंद मोडेममध्ये भरताना शेवटी २ बाइटची चेकसम (मजकूर नीट पोचला का हे तपासणारी बेरीज) लागते, मोठा बाइट आधी. क्रम उलटला तर मोडेम २ हे उत्तर देऊन मजकूर नाकारतो. पूर पाहायचा असेल तर मात्र दिवसाची वाट पाहू नका : पातळी ठरवलेल्या रेषेवर गेली की लगेच वेगळा छोटा संदेश पाठवा.