जुनी जिप्सी की जुनी डिझेल थार?

तुम्ही लिहिलंय की राहायला पुण्यात, शेत भोर तालुक्यात नीरा देवघर धरणाच्या पलीकडे, महिन्याला तीन फेऱ्या, शेवटचे तीन किलोमीटर कच्चा रस्ता आणि पावसाळ्यात नुसता चिखल. बजेट पाच लाख. जुनी पेट्रोल जिप्सी घ्यावी की जुनी डिझेल थार, हा प्रश्न. मी आधी चार वर्षं थार सीआरडीई (म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिनाची थार) चालवली, गेली नऊ वर्षं जिप्सी चालवतोय. तुमच्या वापराला जिप्सी घ्या. का ते सविस्तर सांगतो, कारण ‘चिखलात डिझेलच पाहिजे’ हे सगळे सांगतात ते अर्धंच खरं आहे.

खरी बाजू आधी. २०१० च्या थार सीआरडीईचं २.५ लिटरचं टर्बो इंजिन २४७ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, आणि तोही १८०० आरपीएमच्या आसपास. जिप्सी किंगचं १.३ लिटर १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनचं) पेट्रोल इंजिन देतं फक्त १०३, आणि त्यासाठी इंजिन ४५०० पर्यंत ओढावं लागतं. म्हणजे दगडांच्या चढावर थार लो गिअरमध्ये टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी ती आयडलवर चढत राहते. जिप्सीत तिथे क्लच आणि ॲक्सिलरेटरचा हिशोब पायाला शिकवावा लागतो. पहिल्या पावसाळ्यात माझी गाडी चढावर किती वेळा बंद पडली ते मोजलं नाही, पण खूप वेळा. खताच्या पाच-सहा गोण्या, वर पाच माणसं किंवा मागे ट्रॉली असा तुमचा बेत असेल तर माझं उत्तर इथेच बदलतं. ओझं ओढायला डिझेलच.

पण तुम्ही ओझ्याचं काही लिहिलेलं नाही, चिखलाचं लिहिलंय. चिखलात आधी वजन बघायचं, मग टॉर्क. जिप्सी साधारण एक टनाची गाडी, थार त्याहून निदान सहा-सातशे किलो जड. शिवाय डिझेल इंजिन, टर्बो, इंटरकूलर हा सगळा भार पुढच्या चाकांवर.

तीन वर्षांपूर्वी जुलैत मित्राची थार आणि माझी जिप्सी एकामागोमाग भातखाचरांच्या कडेच्या वाटेवर शिरल्या. पुढे थार होती. चाकं फिरली, लाल चिखल उडाला आणि दोन मिनिटांत गाडी पोटावर बसली. टॉर्क भरपूर होता, पण त्या टॉर्कने चाकं खड्डा खणत गेली. मी उतरून पुढच्या दोन्ही हबवरचा चिखल हाताने पुसला, हब लॉकवर फिरवले (म्हणजे पुढची चाकं ॲक्सलला जोडली जातात), टायरची हवा १८ पीएसआयवर आणली आणि फोर-लोच्या दुसऱ्या गिअरमध्ये त्याच्या शेजारून वर निघून गेलो. जिप्सी चिखलावरून तरंगत जाते, हे तुम्ही स्वतः चालवाल तेव्हाच पटेल. (फोर-बाय-फोर टाकलेली गाडी डांबरावर चालवू नका. जिप्सीला मधला डिफरेन्शियल नाही, वळणावर ट्रान्स्फर केस आणि ॲक्सल ताणले जातात.)

आता पैसे. माझी जिप्सी दहाचं ॲव्हरेज देते, थार बारा देत होती. तुमचं रनिंग महिन्याला साधारण ४८० किलोमीटर. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ धरलं तर जिप्सीला महिना पाच हजार, थारला तीन हजार सातशे. वर्षाला सोळा हजारांच्या आसपास बचत. ही बचत टिकते कधी, तर डिझेलची इंधन यंत्रणा धडधाकट असेल तेव्हाच.

कॉमन रेल डिझेलमध्ये इंधन हजार बारच्या वरच्या दाबाने इंजेक्टरमधून जातं. इंजेक्टरची भोकं अगदी बारीक. त्यात पाणी किंवा कचरा गेला की खेळ संपला. वरंधा घाट उतरून महाडकडे जाताना माझी थार अशीच गेली. आदल्या रात्री एका पंपावर भरलेल्या डिझेलमध्ये पाणी होतं. आधी धक्के, मग पांढरा धूर, मग गाडी बंद. टो करून पुण्यात आणली. चारही इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप यांचं जे बिल आलं त्यात चार वर्षांत डिझेलने वाचवलेले सगळे पैसे गेले. गाडी उभी राहिली ते तीन आठवडे वेगळेच. हा सगळा मनस्ताप मी नव्या गाडीत एक वेळ सहन केला असता. बारा वर्षं जुन्या, तिसऱ्या मालकाच्या गाडीत तुम्ही तो विकत घेऊ नका, एवढीच कळकळ आहे.

डिझेलच घ्यायचं ठरलं तर सीआरडीईऐवजी थार डीआय शोधा. ६३ बीएचपी, एक्सप्रेसवेवर कंटाळा येतो. पण यांत्रिक पंप आणि साधे नोझल आहेत. भोरचा, वेल्ह्याचा कुठलाही मिस्त्री ते डोळे झाकून खोलतो, कारण अशाच जातीची इंजिनं जीपगाड्यांमध्ये आणि पिकअपमध्ये बघत त्याचा जन्म गेलाय. दिल्लीहून आलेल्या स्वस्त डिझेल थारकडे मात्र सावधपणे बघा. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आले तेव्हापासून त्या इकडे उतरतात. एनओसी, इथला रोड टॅक्स आणि पासिंग हे सगळं हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

पाण्याचंही बोलतो, कारण तुमच्या रस्त्यावर ओढा असणारच. डिझेलला स्पार्क लागत नाही, त्यामुळे इंजिनवर पाणी उडालं तरी ते चालत राहतं. २००० च्या आधीच्या कार्ब्युरेटर जिप्सीत डिस्ट्रिब्युटर आणि स्पार्क प्लगच्या एचटी वायर ओल्या झाल्या की गाडी बंद पडते, पुसून वाळवून चालू होते. पण एअर फिल्टरमधून पाणी आत ओढलं गेलं तर डिझेलचं जास्त नुकसान होतं. तिथे दाब दुप्पट, आणि पाणी दाबलं जात नाही, म्हणून थेट कनेक्टिंग रॉड वाकतो. बॉनेटला पाणी टेकण्याइतका ओढा असेल तर कुठलीही गाडी अलीकडे लावून चालत जा.

जिप्सीचे दोषही ऐका. चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, पुण्याहून भोरपर्यंत कंबर बोलते. आता पंपावर सगळीकडे ई-२० पेट्रोल आहे आणि या गाड्या त्याच्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल ओलावा ओढतं आणि जुनं रबर खराब करतं. मी सगळे फ्युएल होज बदलून घेतले, आणि गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवतो, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही आणि गंज धरत नाही. कार्ब्युरेटरवाली टाळून २००० नंतरची ८० बीएचपी एमपीएफआयच बघा. लष्कराच्या लिलावातली मिळाली तर इंजिनाच्या आधी कागद तपासा.

बघायला जाल तेव्हा मालकाला सांगून ठेवा की इंजिन आधी चालू करू नका, थंडच पाहिजे. बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. मग चालू करून ऑइलचं झाकण काढा आणि तळहात वर धरा. हवा जोराने ढकलत असेल, धूर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या कडेने दाब खाली गळतोय, इंजिन खोलायला आलंय. ही तपासणी पेट्रोललाही चालते, डिझेललाही. त्यानंतर गाडीखाली झोपा. पाटे जिथे चासीला बसतात तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, गंज आरपार असेल तर कितीही स्वस्त असो, सोडा. शेवटी मोकळ्या मातीत नेऊन हब लॉक करा, फोर-लो टाका, दोन्ही बाजूंना वळवून बघा, आणि पुढून टकटक आवाज येतो का ते कान देऊन ऐका. पंधरा वर्षं झालेली गाडी असेल तर पुनर्नोंदणी झाली आहे का तेही आरसीवर बघा, ती पाच वर्षांचीच मिळते.

चासीचे आणि आरसीचे फोटो पाठवलेत तर मी नक्की बघेन. जमल्यास दुपारच्या उन्हात काढा, सावलीत गंज दिसत नाही.