कार्पच्या स्पर्धेत पहिल्या तासानंतर मासे का थांबतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : इंग्लंडमधल्या तळ्यावर क्लबच्या पाच तासांच्या स्पर्धेत मेथड फीडर (चारा दाबून बसवायची वजनदार चौकट, तिला आखूड दोऱ्यावर गळ) वापरता, पहिल्या तासात चार-पाच कार्प लागतात आणि मग दुपारभर सामसूम. बहुतेक तुम्ही त्यांना जेवू घालताय. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. मासे लागले की उत्साहात मूठ-मूठ चारा फेकायचा आणि अकरा वाजता शेजाऱ्याची जाळी (पकडलेले मासे वजन होईपर्यंत पाण्यात ठेवायची) भरताना बघत बसायचं.

कार्पला जठर नसतं. एकदा पोटभर खाऊन तासन्‌तास पचवत बसणारा हा मासा नाही, दिवसभर थोडंथोडं टिपत फिरणारा आहे. म्हणून एका फीडरभर चाऱ्यात एकच गळ आणि तोही लगेच सापडेल असा, एवढंच जमवायचं. मासे जोरात लागत असले तर दर चार-पाच मिनिटांनी फीडर परत टाका, मंद लागत असले तर दहा मिनिटं थांबा.

आता पेलेट, म्हणजे माशांच्या खाद्याच्या बारीक गोळ्या. खरी गोम इथे आहे, आणि दुकानदार सांगतो ते महागडे रंगीत डबे दुय्यम. २ मिमीच्या पेलेट पाण्यात बुडवून साधारण दोन मिनिटं ठेवा, पाणी पूर्ण निथळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मग मुठीत दाबून बघा. बेसनाचा लाडू कसा वळला जातो, पण बोटाने ढकलला की फुटतो, तसं हवं. फार ओलं झालं तर फीडरवर चिखल बसतो आणि सुटतच नाही. कोरडं राहिलं तर पाण्यावर आपटताच उडून जातं. फेकण्याआधी भरलेला फीडर काठाजवळ बुडवून बघा. तळाशी टेकल्यावर मिनिटाभरात चारा उकलायला हवा.

दुसरी चूक म्हणजे दरवेळी वेगळ्या जागी फेकणं. रिळाच्या क्लिपमध्ये तंगूस अडकवा, म्हणजे प्रत्येक फेक त्याच अंतरावर पडते. फक्त मोठा मासा लागून पळाला तर क्लिप तंगूस सोडत नाही, तेव्हा काठी उंच धरून तिच्या लवचिकपणावर त्याला थोपवा. काठीचं टोक नुसतं थरथरलं तर हात लावू नका, बहुतेक वेळा माशाचं अंग तंगुसाला घासलेलं असतं. दहा सेंटिमीटरच्या आखूड दोऱ्यावर फीडरच्या वजनानेच गळ रुततो. टोक खरंच वाकलं की मगच उचला.

शेवटचा तास काठाजवळचा. तुमच्या पेगपासून (चिठ्ठी काढून मिळालेल्या बसायच्या जागेपासून) तीन-चार मीटरवर, गवताच्या कडेला, मध्येमध्ये थोड्या पेलेट टाकत राहा, पण तिकडे गळ लगेच नेऊ नका. काठावरची वर्दळ शांत झाली की मोठे कार्प तिथे येतात. माझी बरीच वजनं शेवटच्या चाळीस मिनिटांत झाली आहेत. अर्थात पेगची चिठ्ठीच वाईट निघाली तर यातलं काहीच फारसं चालत नाही.

आणि जाळीची मर्यादा आधी विचारून घ्या. अनेक तळ्यांवर एका जाळीत ठरावीक पौंडांपलीकडचं वजन मोजतच नाहीत. एकदा माझे दोन चांगले कार्प तसेच गेले. तेव्हापासून खिशात क्लिकर (बटण दाबून आकडा वाढवायचं छोटं यंत्र) असतो : प्रत्येक मासा लागला की अंदाजाने पौंड दाबायचे आणि मर्यादेच्या थोडं आधी दुसरी जाळी.