चोरबाजारातली डचेस आणि डायना

प्रश्न : चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एक जुनं, चौकटीत बसवलेलं छापील चित्र पाहिलं. पिसांची भलीमोठी काळी टोपी घातलेली बाई, खाली 'डचेस ऑफ डेव्हनशायर, गेन्सबरो'. दुकानदार म्हणतो, ही प्रिन्सेस डायनाची पणजी, म्हणून किंमत जास्त. खरं आहे का? घेऊ का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, दुकानदाराने घराणं बरोबर सांगितलं, नातं चुकवलं. ही जॉर्जियाना स्पेन्सर, जन्म 1757. डेव्हनशायरच्या पाचव्या ड्यूकशी 1774 मध्ये लग्न होऊन ती कॅव्हेंडिशांच्या, म्हणजे या ड्यूकच्या घराण्यात गेली. डायना तिच्या माहेरची, पण तिच्या भावाच्या वंशातली.

स्पेन्सर घराण्यात अर्लचा (अर्ल ही इंग्लंडमधली सरदारकीची पदवी) आकडा म्हणजे पिढी असं धरलं की हिशेब कोसळतो. डायनाचे वडील आठवे अर्ल स्पेन्सर, आजोबा सातवे, पणजोबा सहावे. खापरपणजोबा मात्र चौथे! पाचव्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून पदवी सावत्र भावाकडे आली आणि तो सहावा झाला. तिसऱ्यांच्या मागेही वारस नव्हता, त्यांचा धाकटा भाऊ चौथा झाला. या दोघांचे वडील दुसरे अर्ल, जॉर्जियानाचे सख्खे भाऊ. म्हणजे ती डायनाच्या खापरपणजोबांची आत्या.

चित्रांखालच्या पाट्या वाचतानाही अशीच काळजी घ्यावी लागते. चित्रकार रेनॉल्ड्सने छोट्या जॉर्जियानाला आईजवळ रंगवलं, ते चित्र 1759 ते 61 मधलं. आईची ओळख त्यात 'काउंटेस स्पेन्सर' (काउंटेस म्हणजे अर्लची बायको) अशी दिली जाते, पण तिचा नवरा अर्ल झाला 1765 मध्ये. पाटीवर नंतरची पदवी असते, म्हणून मी आधी चित्राचं साल पाहतो आणि मग त्या साली ती पदवी कोणाकडे होती ते शोधतो. त्याच रेनॉल्ड्सने पुढे जॉर्जियानाला तिच्या लेकीसह रंगवलं. मांडीवरचं बाळ दोन्ही हात उंचावून आईशी खेळतंय. एरवी सरदार घराण्यातल्या बायका चित्रांत ताठ बसलेल्या दिसतात, म्हणून मला हे चित्र फार प्रिय आहे. त्या लेकीचं नावही जॉर्जियानाच, आणि आजीच्या नावातही जॉर्जियाना! नुसत्या नावावर कधीही विसंबू नका.

तुमचं टोपीवालं चित्र मुळात गेन्सबरो या चित्रकाराचं, 1785 च्या सुमाराचं. ते 1876 मध्ये लंडनच्या ॲग्न्यू यांच्या दालनातून चोरीला गेलं. ॲडम वर्थ नावाच्या अट्टल चोराने ते पंचवीस वर्षं दडवलं. 1901 मध्ये शिकागोत परत मिळालं. मग अमेरिकन बँकर जे. पी. मॉर्गनने ते विकत घेतलं. शेवटी 1994 च्या लिलावात डेव्हनशायरच्या अकराव्या ड्यूकने ते घेऊन आपल्या चॅट्सवर्थच्या वाड्यात आणलं. इतकं गाजलेलं चित्र असंख्य वेळा छापलं गेलं.

आता खरेदीचं. छापखान्यात उमेदवारी केली तेव्हापासून माझ्या खिशात भिंग असतं. तुम्हीही एक न्या. चौकट उघडायला लावा. गालावर भिंग धरा. सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ते यंत्रावरचं छापील चित्र. चौकट आवडली असेल तर तेवढेच पैसे द्या. जाळी नसेल आणि चित्राभोवती कागदात पत्र्याची दबलेली कड बोटाला लागली, तर ते तांब्याच्या किंवा पोलादी पत्र्यावरून हाताने काढलेलं असण्याची शक्यता आहे. मग थोडं जास्त मोजायला हरकत नाही. डायनाच्या नावाने मागितलेला वाढीव रुपया मात्र देऊ नका.