लिथॉप्सची (दगडासारखं दिसणारं छोटं मांसल रोप) जुनी पानं सुरकुतताहेत आणि मधून नवीन जोडी येतेय, पाणी घालू का?

अजिबात नको, जुनी पानं वाळून कागदासारखी होईपर्यंत पाणी बंदच ठेवा. चिरेतून डोकावणारी नवीन जोडी सध्या जुन्या पानांतलंच पाणी ओढून वाढतेय, म्हणून ती आक्रसतायत, रोप तहानलेलं नाहीये. आत्ता पाणी दिलंत तर जुनी पानं परत टम्म फुगतात आणि एकावर एक दोन जोड्या अडकून बसतात, नाहीतर सरळ बुडापासून कुजतं, बोट लावलं की पिकल्या केळ्यासारखं मऊ लागतं, मग काही वाचत नाही, माझी दोन अशीच गेली. मूळचं हे दक्षिण आफ्रिका-नामिबियाच्या कोरड्या माळावरचं झाड, महिनोनमहिने पाण्याशिवाय राहायची सवय आहे त्याला. जुनी सालं ओढून काढू नका, आपोआप सुटतात. फक्त एक, जुनी पूर्ण वाळल्यावर नवीन जोडीच्याच बाजूला सुरकुत्या पडल्या आणि ती दाबल्यावर जरा सैल लागली, तर मात्र एकदा भरपूर पाणी द्या, भोकातून निथळू दे, मग माती तळापर्यंत सुकेस्तोवर हात लावू नका. मुंबई-कोकणात असाल तर पावसाळ्यात कुंडी छपराखाली, पण उजेडात आणि वाऱ्यावर ठेवा.