रेल्वेचं डब्ल्यूडीएम-४ हे डिझेल इंजिन डब्ल्यूडीएम-२ पेक्षा सरस होतं म्हणतात, मग ते मागे का पडलं?

सरस होतं, असं माझंही मत आहे. पण निकाल ताकदीवर लागलाच नाही.

१९६२ च्या सुमारास भारतीय रेल्वेने ब्रॉडगेजसाठी अमेरिकेतून दोन डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनं आणली : अल्को कंपनीचं डब्ल्यूडीएम-२ आणि जनरल मोटर्सचं डब्ल्यूडीएम-४. दोन्ही २६०० अश्वशक्तीची, सहा आसांची. कागदावर जुळी भावंडं, पण पोटातली यंत्रं अगदी निराळी.

अल्कोचं यंत्र फोर-स्ट्रोक, जनरल मोटर्सचं टू-स्ट्रोक. या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन हवा ओढून घेत नाही, ती बाहेरून ढकलावी लागते. त्यामुळे त्याचा टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा, आधी गिअरच्या जोरावर फिरतो. एग्झॉस्टला, म्हणजे बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूला, पुरेसा जोर आला की क्लच सुटतो आणि टर्बो त्याच जोरावर फिरू लागतो. अल्कोच्या टर्बोला हा टेकू नव्हता. ड्रायव्हरने नॉच (ताकद वाढवायच्या दांड्याचा टप्पा) वाढवला की डिझेल लगेच आत जायचं, हवा मागाहून यायची, आणि तोवर वरून काळाकुट्ट लोट. आम्ही रेल्वेवेडे त्या लोटावर भाळलो, पण तो खरं म्हणजे अर्धवट जळलेल्या डिझेलचा धूर!

गोम होती ती करारात. रेल्वेला इंजिन नुसतं विकत घ्यायचं नव्हतं, इथे बनवायचं होतं. अल्कोने तंत्रज्ञान दिलं, वाराणसीला कारखाना उभा राहिला आणि १९६४ पासून तिथून डब्ल्यूडीएम-२ बाहेर पडू लागलं. पुढे त्यांची संख्या अडीच हजारांवर गेली. डब्ल्यूडीएम-४ आली ७२, सगळी आयात. त्यांचा मुक्काम उत्तर प्रदेशातल्या मुगलसराय शेडला, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना ती फारशी दिसलीच नाहीत. तरीही मार्च १९६९ मध्ये हावडा आणि नवी दिल्लीदरम्यान देशातली पहिली राजधानी धावली, तेव्हा तिच्या पुढे डब्ल्यूडीएम-४ च होतं.

आणि गंमत बघा, नव्वदच्या दशकात जास्त ताकदीचं डिझेल हवं झालं तेव्हा रेल्वेने पुन्हा जनरल मोटर्सचंच दार ठोठावलं. या वेळी तंत्रज्ञानासकट करार झाला. त्यातून आलेलं डब्ल्यूडीजी-४ हे ४००० अश्वशक्तीचं, तेही टू-स्ट्रोकच, आधी आयात झालं आणि मग बनू लागलं त्याच वाराणसीच्या कारखान्यात, जो अल्कोसाठी उभारला होता.