भाकरीच्या डब्याची आयडिया डोक्यात आहे, ती प्रत्यक्षात कशी आणू?

तुम्ही विचारलंय की ऑफिसवाल्यांना ज्वारी-बाजरीच्या भाकरीचा डबा द्यायची आयडिया सहा महिने डोक्यात आहे, एक्सेलमध्ये पाच वर्षांचे आकडेपण मांडून झालेत, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये. मी दादरला अकरा वर्षं पोळीभाजी केंद्र चालवतेय, त्यामुळे राहवलं नाही, लिहितेच.

ती एक्सेल सध्या बंद करा. आधी एकच गोष्ट कागदावर लिहा, की काय चुकलं तर सगळंच फसेल? मला विचाराल तर तुमच्या बाबतीत ती दुपारी एक वाजताची भाकरी आहे. सकाळी सातला तव्यावर टम्म फुगलेली भाकरी सहा तासांनी डब्यात कशी असते बघितलंय का कधी? ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे पोळीसारखी मऊ राहत नाही, कडा कडक होतात, आणि पीठ जुनं असेल, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल तर थापतानाच चिरा पडतात. उकड काढून, म्हणजे पीठ उकळत्या पाण्यात घालून मग मळून केली की फरक पडतो पण किती पडतो ते तुम्हीच बघा, पाच दिवस रोज सातला करा, कापडात गुंडाळा आणि एकला ऑफिसात बसून खा. चार कलीगना पण द्या, पैसे घेऊन द्या. फुकट दिलीत तर कोणी खरं सांगणार नाही.

नाहीच जमलं तर आयडिया गेली असं नाही, ती बदलेल. मग भाकऱ्या गिऱ्हाइकाच्या जवळपास अकराला थापाव्या लागतील, म्हणजे जागा, भाडं, हाताखाली दोन बायका, सगळं गणितच वेगळं. म्हणून म्हणते आकडे नंतर.

मग वेळ उलटी मोजत या. आपले डबेवाले १८९० पासून हेच करतायत, साहेबाला जेवायच्या वेळेला डबा टेबलावर पाहिजे, तिथून मागे मागे येत लोकल, स्टेशन, घरून डबा उचलायची वेळ ठरते. तुम्हीपण एक वाजल्यापासून मागे या, पीठ किती वाजता मळायचं इथपर्यंत.

आणि एरिया लहान ठेवा हो. मी सुरुवातीला माहीमपासून कुर्ल्यापर्यंत सगळ्यांना हो म्हणून बसले होते, पहिल्याच जुलैत पाणी भरलं, डबे पोचवणारा मुलगा हिंदमाताला अडकला आणि सतरा डबे तसेच परत आले. त्या दिवशी सतरा जणांना एकेक फोन करून माफी मागितली, त्यातले नऊ परत आलेच नाहीत. तेव्हापासून पायी पंधरा मिनिटांच्या पलीकडे डबा देत नाही.

हे झालं की एका डब्याचा हिशोब मांडा, त्यात गॅस, उरलेली भाजी आणि तुमची स्वतःची मजुरीपण धरा, ती बहुतेक जण विसरतात. घरून करणार असाल तरी एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचं, रजिस्ट्रेशन लागतं, ते ऑनलाइन होतं. आणि एक तारीख घरच्यांसमोर लिहून ठेवा, समजा दिवाळीपर्यंत तीस कायमचे डबे झाले नाहीत तर थांबायचं. नोकरी तोपर्यंत सोडू नका.

पीठ मात्र एकदम दहा किलो दळून ठेवू नका, दर दोन-तीन दिवसांनी गिरणीत जा.